वायफायची रेंज वाढवा घरच्या घरी: फॉइल, पत्र्याचा डबा आणि माळ्यावरची डिश

राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे आणि काम करायची जागा घराच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर फुल कांड्या, मधल्या खोलीत दोन, आणि मागे गेलं की व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच. ही तक्रार ऐकली की दुकानदार लगेच रिपीटर काढून दाखवतो. घ्यायचा तर घ्या, पण साधा एका बँडचा रिपीटर एकाच चॅनलवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्याआधी करून बघण्यासारखं बरंच सामान स्वयंपाकघरात आणि माळ्यावर पडलेलं असतं. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे घेतलं आहे. बहुतेकांचं काम फॉइलपर्यंतच होऊन जाईल. डबा आणि डिश ज्यांना अंगण ओलांडून पलीकडे जायचंय त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. अँटेना ताकद निर्माण करत नाही. आहे तीच ताकद कुठे पाठवायची, एवढंच तो ठरवतो. राउटरची उभी दांडी, म्हणजे त्याचा अँटेना, चारी बाजूंना आडवी सारखीच ताकद पसरते, म्हणजे तुमच्या वायफायचा निम्मा भाग रस्त्याला आणि शेजाऱ्याच्या भिंतीला जातो. बॅटरीतल्या बल्बमागची चकचकीत वाटी काढून टाकली तर उजेड चारी बाजूंना पसरून फिका पडतो, वाटी लावली की झोत होतो. आपण बनवणार आहोत ती ही वाटी. त्यामुळे एका दिशेला मिळालं की दुसऱ्या दिशेला जाणारच. मागच्या खोलीची रेंज वाढवून गॅलरीतलीही तशीच हवी असेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

अँटेनाचा फायदा दोन्ही बाजूंनी होतो, हे मात्र फार जण विसरतात. राउटरचं बोलणं लांब जातंच, पण फोनचं बारीक बोलणंही राउटरला नीट ऐकू येतं. नुसता 'जास्त पॉवरचा' राउटर आणला की तो ओरडतो जोरात, पण फोनचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. कांड्या फुल आणि पान उघडत नाही, असं होतं त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

आधी आकडे लिहून घ्या

कांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर नावाचं अॅप मिळतं, त्यात सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो. उणे ७५ला मेसेज जातात, व्हिडिओ अडखळतो. उणे ८५ला नेटवर्कचं नाव दिसतं, बाकी काही होत नाही.

कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत एकाच जागी, फोन एकाच पद्धतीने धरून, अर्धा मिनिट थांबून आकडा लिहा. माणूस मधून गेला तरी आकडा तीन-चारने हलतो, म्हणून एका झटक्यात दिसलेला आकडा धरू नका. हिशेब असा: ३ डीबीने वाढ म्हणजे ताकद दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट. मोकळ्या मैदानात ६ डीबी मिळाले की अंतर दुप्पट होतं. घरात भिंती आडव्या येतात, तिथे तेवढं मिळत नाही.

मोजण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांची नावं वेगळी करा. दोन्ही एकाच नावाखाली असतील तर फोन मध्येच उडी मारतो आणि तुमच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. लांब जाणं, भिंत पार करणं हे २.४चं काम, वेग हे ५चं.

आणि राउटरला चिकटून उभं राहून एकदा स्पीड टेस्ट करा. तिथेही रडगाणं असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा, फॉइलचा गठ्ठा गुंडाळलात तरी फरक पडणार नाही.

राउटर हलवा, खर्च शून्य

फायबर जोडायला आलेला माणूस राउटर दारापाशी, शोकेसच्या खालच्या कप्प्यात किंवा लोखंडी कपाटामागे लावून जातो, कारण त्याला तिथे वायर कमी लागते. राउटर माणसाच्या उंचीवर, उघड्यावर आणि घराच्या मध्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. जास्तीची फायबर वायर मागून घ्या. ती घट्ट दुमडू मात्र नका, आतली काच तुटते.

लाटांचे खरे शत्रू ओळखा: धातू, पाणी आणि सळ्या. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याचा पिंप, माशांची टाकी, स्लॅब. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती विटांपेक्षा कितीतरी जास्त खातात, आणि पावसात भिजल्या की आणखी. अशा घरात सरळ रेषेत भिंत भेदण्यापेक्षा दार किंवा खिडकी ज्या रेषेत येते तिथून वाट काढणं शहाणपणाचं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच २.४ पट्ट्यात चालतो, राउटर त्याच्या शेजारी नको.

दांडीच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर दांडी आडवी करून बघा. दोन दांड्या असतील तर एक उभी, एक आडवी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर त्याच अॅपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनल बघा आणि १, ६, ११ यांतला त्यातल्या त्यात मोकळा निवडा. मधले चॅनल निवडलेत तर दोन्ही बाजूंची कटकट ऐकावी लागते.

फॉइलचा परावर्तक

दांडी निघत नाही असा राउटर असेल तर हा एकच उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याचाही हाच. लागतं काय: जाड पुठ्ठा, ड्रॉइंगचा कागद, पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल, फेव्हिकॉल, पट्टी. फॉइलची चकचकीत बाजू की फिकी, हा वाद सोडून द्या. या लाटा अॅल्युमिनियममध्ये दोन मायक्रॉनसुद्धा शिरत नाहीत, फॉइल त्याच्या कितीतरी पट जाड असते.

नुसती अर्धगोल वाकवलेली फॉइलही थोडं काम करते, पण वक्र नीट काढला तर फरक स्पष्ट दिसतो. पुठ्ठ्यावर एक आडवी रेघ मारा, तिच्या मध्यावर शून्य. मध्यापासून दोन्ही बाजूंना २०, ४०, ६०, ८० आणि १०० मिलिमीटरवर खुणा करा. त्या खुणांवर अनुक्रमे २.५, १०, २२.५, ४० आणि ६२.५ मिलिमीटर उंचीवर ठिपके द्या. ठिपके हाताने सफाईदार जोडले की पॅराबोला तयार. सूत्र साधं आहे: मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, भागिले १६०. आता मध्यावरून सरळ वर ४० मिलिमीटरवर एक भोक पाडा. दांडी या भोकातून जाणार. ही जागा केंद्राची आहे, म्हणजे वक्रावर आपटलेल्या लाटा जिथे एकवटतात ती, तिथे चारदोन मिलिमीटरची चूक चालते, सेंटिमीटरची नाही.

असे दोन पुठ्ठे कापा, एक खाली, एक वर. कापताना वक्राच्या बाहेर काही ठेवू नका, कागद त्या कडेलाच चिकटायचा आहे. ड्रॉइंगचा कागद साडेचोवीस सेंटिमीटर रुंद आणि दांडीइतका उंच घ्या, २० सेंटिमीटर पुरतात. त्यावर फॉइल पातळ फेव्हिकॉलने लावा आणि कापडाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत न्या. बारीक सुरकुत्यांनी काही बिघडत नाही, फुगे राहू देऊ नका. वाळल्यावर कागद दोन्ही पुठ्ठ्यांच्या वक्र कडेला चिकटपट्टीने बसवा, फॉइल आतल्या बाजूला. मग दोन्ही भोकांतून दांडी घाला आणि उघडं तोंड हव्या त्या खोलीकडे करा. फॉइल दांडीला टेकता कामा नये.

आता मागच्या खोलीत जाऊन तोच आकडा त्याच जागी मोजा. ६ ते ८ डीबीची सुधारणा झाली तर काम उत्तम झालं. २-३च आली तर परावर्तक पाच-पाच अंशांनी फिरवत दुसऱ्याला आकडा वाचायला सांगा. कधी कधी खोलीची सरळ दिशा सोडून दाराची दिशा जास्त देते. हा वक्र ५ गिगाहर्ट्झलाही चालतो. दोन दांड्या असतील तर दोन परावर्तक करा आणि दोघांची तोंडं एकाच बाजूला ठेवा. राउटरला दांड्याच नसतील, अँटेना आत असेल, तर असाच मोठा पडदा राउटरच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर उभा करून बघा. हमी नाही, पण घालवायला आहे काय, एक हात फॉइल.

फ्लॅटवाल्यांना एक जादा फायदा: पाठीमागे सिग्नल कमी जातो, शेजाऱ्याच्या वायफायशी होणारी झटापट तेवढी घटते.

पत्र्याचा डबा

घरापासून सुटी असलेली खोली, गोठ्याचं केलेलं ऑफिस, समोरच्या गच्चीवरची अभ्यासिका, अशा ठिकाणी एकाच दिशेला नेम धरायचा असेल तर डबा. यासाठी राउटरची दांडी फिरवून निघणारी हवी.

डबा म्हणजे लाटांसाठी गोल नळी. नळी फार अरुंद असली तर लाट आत शिरतच नाही, फार रुंद असली तर आत नको ते प्रकार सुरू होतात. २.४ गिगाहर्ट्झसाठी व्यास ७३ ते ९३ मिलिमीटरच्या मध्ये लागतो, आणि ८५ ते ९२ सगळ्यात सोयीचा. चिप्सचा लांब पुठ्ठ्याचा डबा यासाठी जगभर प्रसिद्ध झाला, पण त्याचा व्यास जेमतेम खालच्या मर्यादेवर येतो. दिसायला गमतीचा, कामाला बेताचा. किराणा दुकानात सरळ पट्टी घेऊन जा आणि डब्याचा आतला व्यास मोजा. लोक बघतील, बघू देत.

बंद तळापासून तार किती अंतरावर बसवायची आणि डबा किमान किती लांब हवा, ते व्यासावर ठरतं:

८५ मिमी व्यास: तार तळापासून ५८ मिमीवर, लांबी १७४ मिमी
८८ मिमी व्यास: ५४ मिमीवर, लांबी १६१ मिमी
९० मिमी व्यास: ५१ मिमीवर, लांबी १५४ मिमी
९२ मिमी व्यास: ५० मिमीवर, लांबी १४९ मिमी

डबा लहान पडला तर त्याच मापाच्या दुसऱ्या डब्याचे दोन्ही तळ कापून तो पुढे जोडा. जोड डाग देऊन किंवा अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने पूर्ण गोल बंद करा.

सामान: चार स्क्रूचा एन-टाइप फीमेल कनेक्टर, अर्थिंगच्या १४ गेज तांब्याच्या तारेचा तुकडा, आणि राउटरपासून डब्यापर्यंतची तयार छोटी केबल, जिला दुकानदार पिगटेल म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे मिळतं. केबल घेताना राउटरचं तोंड नीट बघा. बाहेरून आटे आणि मधोमध सुई असेल तर तो आरपी-एसएमए, मधोमध भोक असेल तर साधा एसएमए. घरगुती राउटरवर बहुधा पहिला असतो. दोन्ही आट्यांवर बसतात, पण जोडी चुकली तर आत संपर्कच होत नाही.

पत्रा पातळ असतो, सरळ ड्रिल लावलंत तर डबा चेपतो. आत बसेल असा लाकडी ठोकळा किंवा घट्ट भरलेली वाळू घ्या, आधी खिळ्याने खूण ठोका, लहान भोक पाडा आणि मग गोल कानशीने कनेक्टरच्या मापापर्यंत वाढवा. कडा वस्तऱ्यासारख्या धारदार होतात, हातमोजे घाला. तार कनेक्टरच्या मधल्या पितळी टोकाला डाग देऊन जोडा. डब्याच्या आतल्या भिंतीपासून तारेच्या शेंड्यापर्यंतची एकूण उंची ३१ मिलिमीटर भरली पाहिजे, पितळी टोक धरून. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी १२३ मिलिमीटर आहे, तिचा हा चौथा हिस्सा. तार जरा लांब लावा आणि कानशीने घासत मापावर आणा. तार ताठ आणि डब्याच्या मध्याकडे सरळ हवी.

राउटर बंद करून एक दांडी काढा आणि तिथे डबा जोडा, दुसरी दांडी घरासाठी राहू द्या. डब्यातली तार उभी राहील असा डबा धरा, कारण पलीकडची दांडीही उभीच असते. एकीकडे उभं आणि दुसरीकडे आडवं झालं तर मोकळ्या जागेत सिग्नल जवळपास मरतो. नीट बनलेल्या डब्याकडून ८ ते १० डीबीआयची, म्हणजे नेमाच्या दिशेला मिळणाऱ्या तेवढ्या डीबींची, अपेक्षा ठेवा. लांबच्या टोकाला डेटाची एकच धार मिळते, म्हणून वेगही मर्यादित: वायफाय-४ या जुन्या पिढीच्या २० मेगाहर्ट्झवर जोडणीचा आकडा ७२ एमबीपीएसच्या वर जात नाही. अभ्यासाला आणि मीटिंगला तो भरपूर आहे.

कमावलेलं घालवायची जागा म्हणजे केबल. आरजी-५८ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डीबी खाते. आठ-दहा मीटर ओढलीत की डब्याची सगळी कमाई तिथेच संपली. टीव्हीची केबल स्वस्त पडते म्हणून लावू नका, ती ७५ ओहमची आहे, वायफायला ५० लागतं. पिगटेल अर्ध्या-एक मीटरच्या आत ठेवा आणि राउटरच खिडकीशी न्या.

कढई आणि डिश

केबलच्या या खादाडपणावर न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या स्टॅन स्वॉन यांनी छान तोड काढली. त्यांनी यूएसबीचा वायफाय डोंगलच, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचं वायफाय पकडणारं छोटं यंत्र, चिनी कढईच्या आणि जाळीच्या झाऱ्याच्या केंद्रात बसवला. सिग्नल जिथे पकडला तिथेच त्याचा डेटा झाला, पुढे यूएसबीच्या वायरमध्ये डीबी गळायचा प्रश्नच राहिला नाही. यूएसबी २.०ची साधी वायर ५ मीटरपर्यंत चालते. आपल्या घरातली लोखंडी कढई, अॅल्युमिनियमची खोलगट चाळण, काहीही चालेल. भोकं एक सेंटिमीटरपेक्षा लहान असली की लाटेला ती भरीव पत्र्यासारखीच.

केंद्र काढायचं सूत्र: तोंडाच्या व्यासाचा वर्ग, भागिले खोलीच्या १६ पट. ३६ सेंटिमीटर तोंडाची, ९ सेंटिमीटर खोल कढई असेल तर १२९६ भागिले १४४, म्हणजे तळापासून ९ सेंटिमीटर. तिथे लाकडी पट्टीवर डोंगल बांधा आणि आकडा बघत पुढेमागे सरकवा. आधार धातूचा नको. हे लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरच्या टोकाला लावायचं आहे, फोनला नाही.

शेतातलं घर, विहिरीवरची मोटर, पोल्ट्री, असं शे-तीनशे मीटरचं अंतर असेल तर छपरावर पडून असलेली डीटीएचची डिश उतरवा. ६० सेंटिमीटरची डिश या फ्रिक्वेन्सीला सुमारे २० डीबीआय देते आणि झोत साधारण १५ अंशांचा होतो. डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग, म्हणजे एलएनबी, काढून त्याच जागी, डिशकडे तोंड करून डोंगल किंवा लहान यूएसबी अँटेना बसवा. ही डिश ऑफसेट असते, ती दिसते तिथे बघत नाही. तिचं तोंड सरळ उभं ठेवलं तर नजर वीस-पंचवीस अंश आभाळाकडे असते, म्हणून क्षितिजाकडे बघायला तिला तेवढी पुढे झुकवावी लागते. पलीकडच्या टोकाला जुना राउटर क्लायंट मोडवर, म्हणजे फोनसारखा दुसऱ्याचं वायफाय पकडेल असा, लावा.

नुसती समोरची गच्ची दिसून भागत नाही. लाटेला रेषेभोवती मोकळी जागा लागते: ३०० मीटरच्या मधोमध तिची त्रिज्या सुमारे ३ मीटर असते आणि त्यातला निदान साठ टक्के भाग रिकामा हवा. मध्ये आंब्याची कलमं असतील तर उन्हाळ्यात चाललेली जोडणी पावसाळ्यात ओल्या पानांनी बसते. उलट मोकळ्या रेषेत काय होऊ शकतं ते व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी दाखवलं. त्यांनी २००७ मध्ये दोन डोंगरांमध्ये वायफायची ३८२ किलोमीटरची जोडणी केली, मोठ्या डिश आणि बदललेलं सॉफ्टवेअर वापरून.

अंतर १०० मीटरच्या आत असेल आणि चर खणता येत असेल, तर मी वायफायच्या नादी लागणार नाही. पाइपातून नेटची कॅट-६ केबल टाका. १०० मीटरपर्यंत ती बिनबोभाट चालते.

कायदा आणि पावसाळा

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून परवानामुक्त आहे, पण अटींवर: ट्रान्समीटरची ताकद १ वॉटपर्यंत, अँटेनातून एका दिशेला निघणारी परिणामी ताकद ४ वॉटपर्यंत म्हणजे ३६ डीबीएम, आणि अँटेना अधिकृत इमारतीच्या छपरावर ५ मीटरपेक्षा उंच नको. घरगुती राउटर २० डीबीएम धरा. डब्याचे १० मिळवले तर ३०, नियमात बसलं. डिशचे २० मिळवले तर ४०, मर्यादा ओलांडली. म्हणून डिश लावलीत की तिच्यात बसवलेल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर १५ डीबीएम किंवा त्याखाली आणा. ऐकण्याच्या बाजूचा डिशचा फायदा त्याने कमी होत नाही. नेम आपल्याच नेटवर्कवर धरायचा, दुसऱ्याच्या नाही. आणि मोबाइलच्या सिग्नलसाठी विकले जाणारे बूस्टर हा निराळा प्रकार आहे: ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. फोनमागे चिकटवायचे सोनेरी स्टिकर बेकायदा नाहीत, नुसते निरुपयोगी आहेत.

बाहेर लावलेल्या डब्याचं तोंड त्याच्याच प्लॅस्टिकच्या झाकणाने बंद करा, प्लॅस्टिकमधून लाट सहज जाते. खालच्या बाजूला दोन मिलिमीटरचं एक भोक ठेवा, आत धरलेलं पाणी निघून जाईल. कनेक्टरच्या जोडावर आधी रबरी टेप आणि वरून इन्सुलेशन टेप, खालून वर गुंडाळत आणा, म्हणजे पाणी पदरांत शिरत नाही. विजेच्या तारांपासून डिश पडली तरी पोचणार नाही इतकी लांब ठेवा आणि खांबाला अर्थिंग द्या. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडायची लक्षणं दिसली की गच्चीवर न जाता, आतूनच, राउटरचा प्लग आणि बाहेरून आलेली वायर दोन्ही काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर नको, आभाळ भरून आलं की लगेच.